स्टेट कुठली, जुनी की नवी? लिनक्सच्या ग्राफिक्स ड्रायव्हरला पॅच पाठवताना

सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीतल्या एका छोट्या कंपनीत मी एम्बेडेड सॉफ्टवेअरचं काम करते. आम्ही कोल्ड स्टोरेजसाठी डिस्प्ले पॅनल बनवतो. तासगाव, कवठेमहांकाळ भागात बेदाणा ज्या खोल्यांत ठेवतात, त्या खोल्यांचं तापमान, आर्द्रता, कुठला कॉम्प्रेसर चालू आहे, हे आमच्या स्क्रीनवर दिसतं. आत एआरएम प्रोसेसरचा बोर्ड असतो आणि त्यावर लिनक्स चालतं. ऑक्टोबर २०२४ ते मे २०२५ या काळात त्या बोर्डच्या ग्राफिक्स ड्रायव्हरमधून (स्क्रीन चालवणाऱ्या कोडातून) एका कालबाह्य ‘स्टेट’ फील्डचा (स्क्रीनच्या स्थितीच्या नोंदीचा) वापर काढून टाकणारे पॅच, म्हणजे कोडातले बदल, मी लिनक्स कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) पाठवले आणि ते घेतले गेले. बदललेल्या ओळी अगदी मोजक्या. पण काय तपासायचं, कुणाला मेल करायचा, किती दिवस गप्प बसायचं, हे आधी कुणी सांगितलं असतं तर बरीच धाकधूक वाचली असती. म्हणून हे जरा सविस्तर लिहिते आहे.

दसरा झाला आणि आम्ही पॅनलवरचा कर्नल ५.१५ वरून नव्या, दीर्घ मुदतीच्या आवृत्तीवर न्यायला घेतला. बेदाण्याचा हंगाम फेब्रुवारीत सुरू होतो, त्याआधी पॅनल बसवून द्यायचे होते. आमच्या बोर्डच्या डिस्प्ले कंट्रोलरचा ड्रायव्हर मूळ कर्नलमध्येच आहे. त्यावर कंपनीने पूर्वी केलेले काही बदल मात्र आमच्याकडेच पडून होते. कर्नल बदलला की ते नव्या कोडावर बसत नाहीत, मग कुणीतरी खपून ते पुन्हा बसवायचे. या वेळी मी मालकांना म्हटलं, "सर, हे बदल मूळ कर्नललाच पाठवून टाकू या का? दर वेळची कटकट जाईल."

"पाठव की," ते म्हणाले. "फक्त आपलं काम अडायला नको."

पाठवायचं म्हणून ड्रायव्हर पहिल्यांदाच पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. तेव्हा दिसलं की तीन ठिकाणी ‘गेट-एक्झिस्टिंग-सीआरटीसी-स्टेट’ हे फंक्शन वापरलंय. (फंक्शनांची नावं मी इथे देवनागरीत आणि आखडून लिहिते आहे, कोडात ती बरीच लांब आहेत.) हेडर फायलीत (जिथे फंक्शनांची ओळख लिहिलेली असते) त्या फंक्शनच्या डोक्यावरच शेरा होता: हे आता वापरू नये, त्याऐवजी ‘गेट-ओल्ड’ किंवा ‘गेट-न्यू’ वापरावं. ज्या फायलीत आपण भर घालणार तिथे असं काही जुनं दिसलं, तर आधी ते साफ करून मगच आपलं मांडावं, हे मला योग्य वाटतं. रिव्ह्यू करणाऱ्यालाही त्यातून कळतं की या माणसाने कोड वाचलाय. आमचे बदल बाजूला ठेवले आणि हे काम आधी घेतलं.

आता हे प्रकरण नेमकं काय आहे ते सांगते, कारण सगळी मेख त्यातच आहे.

लिनक्समध्ये स्क्रीनचा कारभार डीआरएम, म्हणजे डायरेक्ट रेंडरिंग मॅनेजर, हा भाग बघतो. २०१५ मध्ये कर्नल ४.२ आला तेव्हापासून त्यात अ‍ॅटॉमिक पद्धत सर्रास खुली झाली. स्क्रीनचा मोड (रिझोल्यूशन आणि रिफ्रेश रेट) कुठला, कुठला फ्रेमबफर (चित्राची मेमरी) कुठल्या प्लेनवर (चित्राच्या थरावर), कुठलं प्लेन कुठल्या सीआरटीसीवर (थर एकत्र करून स्क्रीनकडे पाठवणाऱ्या भागावर), असे सगळे बदल एका गठ्ठ्यात मागायचे. ड्रायव्हरने गठ्ठा तपासायचा. जमत असेल तर सगळे बदल एकदम लागू, नसेल तर एकही नाही. गठ्ठ्यात ज्या ज्या वस्तूला हात लागतो तिच्या चालू स्टेटची एक प्रत काढली जाते. चालू आहे ती जुनी, प्रत ती नवी, आणि फेरबदल सगळे प्रतीवर. तपासणी पार पडली की स्वॅप होतो: नवी स्टेट वस्तूला जोडली जाते आणि जुनी गठ्ठ्यात येऊन पडते, काम संपल्यावर तिची मेमरी मोकळी करायला.

गठ्ठ्याच्या स्ट्रक्चरमध्ये प्रत्येक वस्तूसाठी ओल्ड-स्टेट आणि न्यू-स्टेट असे दोन पॉइंटर (मेमरीतली जागा दाखवणाऱ्या नोंदी) आहेत आणि तेव्हा तिसरा नुसत्या ‘स्टेट’ नावाचा होता. तो तिसरा या तिघांत सगळ्यात जुना. स्वॅप होईपर्यंत तो नव्या स्टेटकडे बोट दाखवतो, स्वॅप झाला की जुन्या स्टेटकडे. शेवटी दोन्हींतली कुठली फ्री करायची, एवढीच खरं तर त्याची नोंद. आणि गेट-एक्झिस्टिंग आपल्या हातात हाच तिसरा पॉइंटर द्यायचं. आपल्याकडच्या सातबाऱ्याच्या फेरफारासारखं आहे हे. नोंद प्रमाणित होण्याआधी टेबलावर असतो तो पुढे लागू होणारा कागद, प्रमाणित झाल्यावर टेबलावर उरतो तो रद्द झालेला. "टेबलावरचा कागद आण" एवढंच सांगितलं तर हातात काय येईल, हे कधी सांगितलं त्यावर ठरणार. जुनी आणि नवी स्टेट वेगवेगळी मागायची सोय २०१७ मध्ये आली, ती हा घोळ मिटवायलाच.

त्यामुळे एडिटरमध्ये शोधा-आणि-बदला करून हे काम होत नाही. कॉक्सिनेल नावाचं एक चांगलं साधन आहे, हजार ठिकाणचे एकसारखे बदल ते नेमके करून देतं. पण अमुक ओळ चालते तेव्हा स्वॅप होऊन गेलेला असतो की नसतो, हे त्या ओळीकडे बघून कळत नाही. तिला कोण बोलावतं, त्याला कोण बोलावतं, असं मागे मागे जावं लागतं. मी वहीत तिन्ही जागांसमोर ती वाट लिहून काढली. दिवाळीच्या आधीचा सगळा मोकळा वेळ यात गेला. परतीच्या पावसात सांगलीत विश्रामबागला लाईट येत-जात होती, त्यामुळे वही-पेन हेच खरं उपयोगी पडलं.

पहिल्या दोन जागा सरळ निघाल्या. एक प्लेनच्या तपासणीत, एक एनकोडरच्या (स्क्रीनसाठी सिग्नल बनवणाऱ्या भागाच्या) तपासणीत. तपासणी नेहमी स्वॅपच्या आधी होते, म्हणून तिथे गेट-न्यू.

तिसरी जागा वेगळी होती. स्क्रीन बंद करताना (मोड बदलतानाही तो आधी बंद होतो) हार्डवेअरला चालू फ्रेम पूर्ण करू द्यावी लागते. किती मिलिसेकंद थांबायचं हे ड्रायव्हर मोडच्या रिफ्रेश रेटवरून काढतो, आणि तो मोड गेट-एक्झिस्टिंगने आणलेल्या स्टेटमधून घेतो. हे डिसेबलच्या वाटेवर घडतं, म्हणजे स्वॅप होऊन गेल्यावर. तिथे हवी असते ती जुनी स्टेट, कारण जी फ्रेम संपायची आहे ती जुन्या मोडची आहे. इथेही डोळे झाकून गेट-न्यू घातलं असतं तर?

कागदावरचं उत्तर कागदावरच ठेवायचं नव्हतं. आमच्या पॅनलचा स्क्रीन एकाच रिफ्रेश रेटचा, त्यावर फरक दिसला नसता. म्हणून मालकांना विचारून एक बोर्ड घरी आणला आणि एचडीएमआयने टीव्हीला जोडला. टीव्ही १९२० बाय १०८० हे रिझोल्यूशन सेकंदाला २४ फ्रेमनेही दाखवतो आणि ६० फ्रेमनेही. तपासणीच्या आणि डिसेबलच्या, दोन्ही फंक्शनांत तात्पुरत्या छापण्याच्या ओळी टाकल्या: तिन्ही प्रकारे स्टेट मागायची आणि तिच्यातल्या मोडचा रिफ्रेश रेट छापायचा. लिबडीआरएमबरोबर येणाऱ्या मोडटेस्ट या साधनाने २४ वरून ६० वर मोड बदलला. सिरियल केबलवर ओळी आल्या. तपासणीत एक्झिस्टिंग ६०, ओल्ड २४, न्यू ६०. डिसेबलमध्ये एक्झिस्टिंग २४, ओल्ड २४, न्यू ६०. फंक्शन तेच, कमिट (गठ्ठा लागू करणं) तोच, आणि एक्झिस्टिंगचं उत्तर मधल्या मध्ये फिरलेलं. सेकंदाला २४ फ्रेम असतील तर एक फ्रेम साधारण ४२ मिलिसेकंदांची; ६० धरून हिशोब केला तर ड्रायव्हर १७ मिलिसेकंदांतच पुढे जाणार, म्हणजे फ्रेम अर्धवट असताना.

मग स्क्रीन पूर्ण बंद करून बघितला. यात नव्या स्टेटमधला मोड रिकामाच असतो, सगळीकडे शून्य. रिफ्रेश रेट शून्य छापला गेला, आणि त्याने भागायचं. ६४ बिटच्या एआरएमवर पूर्णांकाला शून्याने भागलं तर प्रोसेसर बोंब मारत नाही, शून्य देऊन पुढे जातो. क्रॅश नाही, लॉगमध्ये ओळ नाही, फक्त थांबायचं तिथे कुणी थांबत नाही. अशी चूक पॅनल गिऱ्हाइकाकडे बसल्यावर कधीतरी स्क्रीन लुकलुकण्याच्या रूपाने वर येते आणि कारण सापडायला महिने जातात. या एका छापील ओळीसाठी बोर्ड घरी आणल्याचं सार्थक झालं.

"अगं, बातम्या लावायच्यात, किती वेळ ते काळं-पांढरं?" आईने विचारलं. मी म्हटलं, "झालंच, आई." तिने अर्धा तास दिला, हे इथे नोंदवते.

ज्यांच्याकडे बोर्ड नाही त्यांनी अडून बसू नये. व्हीकेएमएस नावाचा आभासी ड्रायव्हर कर्नलमध्येच आहे. त्याला हार्डवेअर लागत नाही आणि अ‍ॅटॉमिक कमिटची सगळी वाट त्यात जिवंत बघता येते. कर्नल सुरू करताना डीआरएमच्या डीबग पॅरामीटरला १६ हा आकडा दिला की अ‍ॅटॉमिकचे सगळे संदेश लॉगमध्ये येतात. तपासणी आणि कमिट यांचा क्रम डोळ्यांनी दिसला की अर्धी भीती जाते. आयजीटी या चाचणीसंचातल्या केएमएसच्या (स्क्रीनचा मोड लावण्याच्या) चाचण्या मी बदलाआधी आणि बदलानंतर चालवल्या आणि निकालांच्या दोन फायली शेजारी ठेवून बघितल्या. लॉक (एकच गोष्ट दोघांनी एकदम बदलू नये म्हणून लावलेली कुलपं) तपासणारा कर्नलचा पर्यायही चालू ठेवा. बोर्ड मंदावतो, पण या भागात लॉकांचं जाळं दाट आहे.

खर्चाचं सांगायचं तर यूएसबी-सिरियल केबल आणि वेगळं एसडी कार्ड, दोन्ही मिळून हजाराच्या आत. पॅच पाठवायला फी नाही, सभासदत्व नाही, शिक्षण कुणी विचारत नाही. डेटा मात्र लागतो. कर्नलचा पूर्ण इतिहास काही जीबींचा आहे, आणि तो पूर्णच घ्या. अर्धवट इतिहास घेतला तर अमुक ओळ कुणी, कधी, का लिहिली हे बघता येत नाही, आणि या कामात तेच सतत बघावं लागतं. मी ऑफिसच्या लाइनवर रात्री लावून ठेवलं होतं. आणखी एक: डीआरएमच्या बहुतेक छोट्या ड्रायव्हरांचे पॅच डीआरएम-मिस्क-नेक्स्ट या शाखेवर बसवून पाठवायचे असतात. वितरकाने दिलेल्या कर्नलवर केलेला पॅच तिथे बसेलच असं नाही.

आता कागदपत्रं. प्रत्येक पॅचखाली ‘साइन्ड-ऑफ-बाय’ अशी ओळ लिहावी लागते. ती नुसती सही नाही. हा कोड कर्नलच्या मुक्त परवान्याखाली द्यायचा मला अधिकार आहे, असं ते प्रमाणपत्र आहे. काम कंपनीच्या वेळेत आणि कंपनीच्या बोर्डवर झालेलं, म्हणजे तो अधिकार माझ्या एकटीचा नव्हता. मी मालकांकडे लेखी परवानगी मागितली. त्यांनी विचारलं, "यात आपल्या गिऱ्हाइकाचं काही बाहेर जात नाही ना? आणि कंपनीचं नाव कुठे लागणार?" दोन्ही प्रश्न रास्त होते. मी त्यांना बदललेल्या ओळी छापून दाखवल्या. मग लेटरहेडवर दोन परिच्छेदांचं पत्र तयार झालं: अमुक ड्रायव्हरमधले बदल त्या परवान्याच्या, म्हणजे जीपीएलच्या, दुसऱ्या आवृत्तीखाली देण्यास हरकत नाही. कंपनीच्या सीएंनीही नजर टाकली. यात दिवाळीची सुट्टी धरून दोनेक आठवडे गेले. तुम्ही नोकरी करत असाल तर हे आधी सुरू करा, कोड लिहून झाल्यावर नको. कर्नलकडे हे पत्र पाठवायचं नसतं, आपल्या फायलीत ठेवायचं.

मेलची मांडणी हे वेगळंच काम. पॅच साध्या टेक्स्टमध्ये, मेलच्या अंगात जातो, जोडपत्र म्हणून नाही. ऑफिसच्या मेलखाली आपोआप गोपनीयतेची सूचना चिकटते आणि सार्वजनिक रिव्ह्यूला पाठवलेल्या पॅचखाली ‘हा मजकूर गोपनीय आहे’ असं दिसणं बरं नव्हे. जीमेल ब्राउझरमधून पाठवला तर टॅबच्या जागी स्पेस येतात आणि पॅच लागतच नाही. मी स्वतःच्या जीमेल खात्यावर द्विस्तरीय पडताळणी चालू केली, अ‍ॅप पासवर्ड काढला आणि ‘गिट सेंड-ईमेल’ला (कोडाचा इतिहास सांभाळणाऱ्या गिटच्या मेल पाठवणाऱ्या आज्ञेला) तो दिला. पोर्ट ५८७. पहिला मेल स्वतःलाच पाठवा, आलेल्या मेलवरून ‘गिट एएम’ने पॅच कोऱ्या शाखेवर लावून बघा. लागला तर मांडणी बरोबर आहे. ज्यांच्या नेटवर मेलचा पोर्टच बंद असतो त्यांच्यासाठी बी४ नावाचं साधन आहे, ते वेबमार्गे पॅच पाठवू शकतं.

२० नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान होतं, कंपनी बंद होती. सकाळी मतदान करून आले आणि उरलेला दिवस कमिट मेसेज, म्हणजे पॅचबरोबरचं स्पष्टीकरण, लिहिण्यात घालवला. एवढ्याशा बदलाला एवढा वेळ कशाला, असं वाटेल. पण कोड तर समोरच्याला दिसतोच. या जागी नवीच स्टेट का, जुनी का नाही, हे त्याला दिसत नाही, ते मेसेजमध्ये सांगावं लागतं. माझ्या मते या प्रकारच्या पॅचमध्ये मेसेज हाच मुख्य माल आहे. ओळी ७५ अक्षरांच्या आत ठेवायच्या, विषयाच्या सुरुवातीला ड्रायव्हरचा ठरलेला उपसर्ग द्यायचा (तो जुन्या कमिटांची यादी बघून कळतो), आणि ‘हे केलं’ अशा भूतकाळापेक्षा ‘हे कर’ असा आज्ञार्थ वापरायचा. मांडणीच्या चुका शोधणारी चेकपॅच ही स्क्रिप्ट कडक पर्यायासह चालवली. गेट-मेंटेनर या स्क्रिप्टने कुणाकुणाला पाठवायचं त्याची यादी दिली. यादी लांब आली तरी घाबरून नावं गाळू नका.

नेमका तेव्हा कर्नल ६.१३ चा मर्ज विंडो, म्हणजे नव्या आवृत्तीत बदल घेण्याचा काळ, चालू होता. त्या दोन आठवड्यांत मेंटेनर (कोडाचा एकेक भाग सांभाळणाऱ्या) मंडळींची धांदल असते. १ डिसेंबरला पहिला आरसी (प्रसिद्धीआधीची चाचणी आवृत्ती) निघाला, मी ३ डिसेंबरला, मंगळवारी रात्री, तिन्ही बदलांचा मिळून एक पॅच पाठवला. पाठवल्यावर पहिलं उत्तर मशीनचं: तुम्ही या मेलिंग लिस्टचे सभासद नाही, मेल तपासणीसाठी थांबवला आहे. यात काळजीचं काही नसतं. दुसऱ्या दिवशी तो सुटला आणि लोअर या जाहीर संग्रहात दिसू लागला. स्वतःचं मराठी नाव तिथे बघून छातीत धडधडलं खरं.

पुढच्या दोन दिवसांत कर्नल टेस्ट रोबोटचा मेल आला. एका वेगळ्या कॉन्फिगरेशनमध्ये एक व्हेरिएबल न वापरलेला राहतो, अशी ताकीद. रोबोट अक्षरशः शेकडो कॉन्फिगरेशनांवर कोड बांधून बघतो, जे आपल्या लॅपटॉपवर होणं नाही. त्याच्या मेलात ‘रिपोर्टेड-बाय’ची ओळ दिलेली असते. ती बघून लगेच चिकटवू नका, त्याच मेलात लिहिलेलं असतं की दुरुस्ती वेगळ्या पॅचने केली तरच ती लावायची. त्याच पॅचच्या पुढच्या आवृत्तीत नाही.

६ डिसेंबरला माणसाचं उत्तर आलं. मेंटेनरने दोन गोष्टी मागितल्या होत्या. पहिली: नव्या स्टेटच्या दोन जागा एका पॅचमध्ये आणि जुन्या स्टेटची जागा दुसऱ्यात घ्या. कारण पटण्यासारखं होतं. उद्या काही बिघडलं आणि बायसेक्ट करत (इतिहास अर्धा-अर्धा करत दोषी बदल शोधत) कुणी इथवर आलं, तर कुठला निर्णय नडला हे लगेच कळावं. दुसरा प्रश्न खोल होता: प्लेनच्या तपासणीत गेट-न्यू कधी रिकामा पॉइंटर देऊ शकतं का? आणि तसं असेल तर सरळ ‘गेट-सीआरटीसी-स्टेट’ का वापरत नाही?

यावर दोन संध्याकाळी गेल्या, आणि मला या सगळ्या प्रवासात सगळ्यात जास्त शिकवलं ते या प्रश्नाने. गेट-न्यू फक्त गठ्ठ्यात असलेली स्टेट देतं, नसेल तर रिकामा पॉइंटर. गेट-सीआरटीसी-स्टेट मात्र नसलेली वस्तू गठ्ठ्यात ओढून आणतं. त्यासाठी लॉक घेतं, ते अडलं तर डेडलॉकचा (दोघे एकमेकांसाठी अडून बसण्याचा) एरर कोड देतं आणि मग सगळा गठ्ठा सोडून पहिल्यापासून सुरू करावं लागतं. कारण नसताना ते वापरणं बरं नाही. आता प्लेनची स्टेट गठ्ठ्यात घेताना डीआरएमचा गाभाच ते प्लेन ज्या सीआरटीसीवर आहे त्याची स्टेटही बरोबर घेतो, आणि प्लेन नव्या सीआरटीसीवर हलवलं तर त्याचीही. म्हणजे प्लेनच्या नव्या स्टेटमध्ये सीआरटीसी असेल, तर त्या सीआरटीसीची नवी स्टेट गठ्ठ्यात असणारच. प्लेन बंद होत असेल तर नव्या स्टेटमधला सीआरटीसी रिकामा असतो आणि आमचा ड्रायव्हर तिथूनच परत फिरतो. मी हे गाभ्यातल्या फंक्शनांची नावं देऊन उत्तरात लिहिलं आणि मेसेजमध्येही घातलं. उत्तर देताना मूळ मेलमधल्या ज्या वाक्याला उत्तर आहे त्याच्या खाली लिहायचं, सगळ्यात वर नाही, आणि ‘रिप्लाय ऑल’ करायचं.

तिकडच्या मेलांची भाषा कोरडी असते. नमस्कार-चमत्कार नाही, ‘छान’ नाही, थेट ‘हे का?’. आपल्याला सवय नसते, पहिल्यांदा वाचताना कुणी रागावलंय असं वाटतं. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन तोच मेल पुन्हा वाचला तेव्हा त्यात रागाचा एक शब्दही नव्हता. आपला पॅच एखाद्या अनोळखी माणसाने इतका बारकाईने वाचला, हा मोठाच मान आहे असं मी मानते.

१२ डिसेंबरला दोन पॅचची दुसरी आवृत्ती पाठवली. आवृत्तीत काय बदललं ते तीन आडव्या रेघांच्या खाली लिहायचं, म्हणजे ते रिव्ह्यू करणाऱ्याला दिसतं पण कायमच्या इतिहासात जात नाही.

नंतर शांतता. आठवडा गेला, नाताळ आला. रोज सकाळी उठून मेल बघायची खोड लागली. कर्नलच्या कागदपत्रांत सांगितलंय की आठवण करण्याआधी किमान एक आठवडा थांबा, आणि सुट्ट्यांच्या दिवसांत त्याहून जास्त थांबणं शहाणपणाचं. मी तो वेळ फुकट घालवला नाही. आमच्या पॅनलवर तेच दोन पॅच घालून स्क्रीन रात्रभर चालू-बंद करत ठेवला. मिरजेहून येणारे आमचे सीनियर म्हणाले, "ते घेतील का न घेतील, तू आपल्या मालात घालून टाक की. बदल बरोबर हाय ना?" बरोबर होता. हंगामाचे पॅनल त्याच पॅचसह गेले.

२ जानेवारीला एका ओळीची नम्र आठवण पाठवली. ७ जानेवारीला दोन्ही पॅचला ‘रिव्ह्यूड-बाय’, म्हणजे तपासून पसंत केल्याची ओळ, मिळाला. आणि १४ तारखेला, घरात तिळगुळाच्या वड्या चालू असताना, मेल आला: डीआरएम-मिस्क-नेक्स्टमध्ये घेतले. मी आईला सांगितलं, तिने हातावर वडी ठेवली आणि विचारलं, "पैसे मिळणार का यांचे?" म्हटलं, "नाही." "मग नाव?" "नाव राहील." "मग चांगलंय," ती म्हणाली.

इथे एक गोष्ट माहीत असू द्या. घेतले म्हणजे लगेच पुढच्या कर्नलमध्ये आले असं नाही. डीआरएममध्ये साधारण सहाव्या आरसीपर्यंत आलेलं काम पुढच्या मर्ज विंडोत जातं. ६.१३ चा सहावा आरसी ५ जानेवारीला निघून गेला होता. म्हणून आमचे पॅच ६.१४ मध्ये गेले नाहीत, ६.१५ साठी थांबले. मधल्या काळात ते लिनक्स-नेक्स्टमध्ये (पुढच्या आवृत्तीचे बदल एकत्र करून तपासायच्या कोडात) बांधले जात होते. गुढीपाडव्याच्या सुमारास ६.१५ च्या मर्ज विंडोत ते मुख्य कर्नलमध्ये दाखल झाले आणि २५ मे रोजी ६.१५ प्रसिद्ध झाला. गिऱ्हाइकाला तारीख द्यायची असेल तर हा सगळा काळ हिशोबात धरा. कर्नलचं एक चक्र नऊ-दहा आठवड्यांचं असतं, आणि वेळ चुकली की अख्खं चक्र पुढे.

अशी साफसफाई स्टेबल कर्नलमध्ये (आधीच प्रसिद्ध झालेल्या आवृत्त्यांत) मागे नेली जात नाही, तिथे फक्त दुरुस्त्या जातात. त्यामुळे दीर्घ मुदतीच्या कर्नलवरच्या आमच्या पॅनलांत हे दोन पॅच सध्या आम्हीच वागवतो. मात्र आता ते वरून घेतलेले आहेत, त्यांना वरचा कमिट क्रमांक आहे, आणि पुढच्या वेळी कर्नल बदलताना ते नुसते गाळायचे आहेत, पुन्हा बसवायचे नाहीत.

सुरुवात कुठून करावी असं विचारणाऱ्यांसाठी: कर्नलच्या डॉक्युमेंटेशनमध्ये जीपीयूच्या भागात एक टुडू यादी आहे. प्रत्येक कामापुढे स्टार्टर, इंटरमीडिएट, अ‍ॅडव्हान्स्ड, एक्सपर्ट अशी पातळी आणि कुणाशी बोलायचं ते लिहिलेलं असतं. आमच्या ड्रायव्हरपुरतं म्हणाल तर एनकोडरवरचा सीआरटीसीचा पॉइंटर अजून दोन जागी वाचला जातो. अ‍ॅटॉमिक ड्रायव्हरांनी त्याऐवजी कनेक्टरच्या (स्क्रीन जिथे जोडला जातो त्या भागाच्या) स्टेटमधला सीआरटीसी बघावा, असं हेडरमध्ये स्पष्ट म्हटलंय. त्या दोन्ही जागांची वाट मी वहीत काढायला घेतली आहे. एक तपासणीत आहे. दुसरी इंटरप्ट हँडलरमधून (हार्डवेअरने इशारा दिला की चालणाऱ्या कोडातून) येते आहे, आणि तिथे गठ्ठाच हातात नसतो, त्यामुळे ती कशी सोडवायची हे आधी मेलवर विचारणार आहे, पॅच त्यानंतर.